कचऱ्यावर खरंच दिवे लागायचे का?

लंडनला आलेल्या पाहुण्यांना मी हॉक्स्टनमधलं, कॉरोनेट स्ट्रीटवरचं जुनं वीजघर आवर्जून दाखवते. नंतर प्रश्न ठरलेला: "सव्वाशे वर्षांपूर्वी खरंच कचऱ्यावर दिवे लागायचे? मग आपल्याकडे का जमत नाही?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लागायचे. २८ जून १८९७ रोजी नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांच्या हस्ते हे वीजघर सुरू झालं. ते बांधलं शोरडिचच्या (हॉक्स्टन याच भागात येतं) व्हेस्ट्रीनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या नगरपालिकेनंच म्हणा. वस्ती दाटीची, गरिबांची. कचऱ्याच्या गाड्याही व्हेस्ट्रीच्या आणि वीजही व्हेस्ट्रीची. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, 'ए पुल्वेरे लुक्स एत विस': धुळीतून प्रकाश आणि शक्ती. मातकट लाल टेराकोटातली ती अक्षरं अजून शाबूत आहेत.

आता तो कचरा कसला, ते बघा. घरोघरी कोळशाच्या शेगड्या. त्यामुळे कचऱ्याच्या डब्यात निम्मीशिम्मी राखच, आणि त्या राखेत अर्धवट जळलेले कोळसे. भट्टीत हवेचा झोत सोडला की हा कचरा पेट घ्यायचा. भट्टीतला तापलेला वायू शेजारच्या बॉयलरकडे जायचा, तिथे वाफ व्हायची, वाफेवर इंजिनं आणि इंजिनांवर वीज तयार करणारे डायनामो.

अडचण वेगळीच होती. कचरा येणार दिवसा आणि दिवे लागणार रात्री. भट्टी काही संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. म्हणून दिवसाच्या जादा वाफेनं मोठ्या टाकीतलं पाणी तापवून ठेवायचे आणि मागणी वाढली की तेच बॉयलरला द्यायचे. तरी गरज पडली की कोळसा घालावा लागेच. एवढं करून उरलेली उष्णताही वाया जात नसे. शेजारी पिटफील्ड स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि वाचनालय होतं, त्यांना ती पुरवली जायची. ज्यांच्या घरात न्हाणीघरच नाही, त्यांना गरम पाण्याची अंघोळ! मला या सगळ्या यंत्रांपेक्षा हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. पुढे १९०० मध्ये व्हेस्ट्री जाऊन तिच्या जागी बरो, म्हणजे नवी नगरपालिका आली, त्या बरोनं ब्रीदच घेतलं: 'अधिक प्रकाश, अधिक शक्ती'.

आपल्याकडचा डबा उघडून बघा. भाजीची देठं, आंब्याच्या साली, उरलासुरला भात. आगीची बरीचशी ताकद त्यातलं पाणी उडवण्यातच जाणार. असा ओला कचरा कुजवून त्याचा गॅस करणं केव्हाही शहाणपणाचं. शिवाय १८९७ च्या धुराड्यातून जे बाहेर पडत होतं, ते आज कुठल्याही वस्तीच्या डोक्यावर सोडता कामा नये. आजच्या भट्टीला धूर गाळणारी महागडी यंत्रणा हवीच. त्यामुळे शोरडिचची भट्टी जशीच्या तशी उचलून आणायला मी कधीच सांगणार नाही. मात्र कचरा, दिवे आणि अंघोळ यांचा विचार एकाच टेबलावर करणारे तिथले सभासद आपल्या प्रत्येक महापालिकेत हवेत, असं मला मनापासून वाटतं.

१९४० मध्ये इथली वीजनिर्मिती थांबली. १९९० च्या दशकात सर्कस शिकवणारी संस्था या इमारतीत आली. ट्रॅपीझचा, म्हणजे उंच झोक्यावरच्या कसरतींचा सराव चालतो त्या उंच दालनांना त्यांनी 'कम्बश्चन चेंबर' (ज्वलनाचं दालन) आणि 'जनरेटिंग चेंबर' (वीजनिर्मितीचं दालन) अशीच नावं ठेवली आहेत. याल तेव्हा ओल्ड स्ट्रीट स्टेशनला उतरा. तिथून चालत जाता येतं.