तुम्ही विचारलंत म्हणून : परत त्याच विमानात का बसलो

लग्नकार्यात, शाळासोबत्यांच्या संमेलनात, इतकेच काय, पाठ दाखवायला गेलो असता डॉक्टरांच्या खोलीतही मला एकच प्रश्न विचारला जातो. हाताशी इंजिनिअरिंगची पदवी होती, घरात लहान मुलगी होती आणि विमानातून बाहेर फेकले जाऊन एकदा जीव वाचला होता, तरी तुम्ही परत मिग-21 या लढाऊ विमानात का बसलात? आजवर मी ‘नोकरीच होती ती’ एवढे म्हणून विषय बदलत आलो. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि आता ते माझे मलाच पुरत नाही.

विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा ‘उडती शवपेटी’ हे वर्तमानपत्री शब्द असतात आणि ते मला लागतात. 1963 पासून 2025 पर्यंत, म्हणजे 62 वर्षे, हे विमान हवाई दलात होते; आपल्या ओझरच्या कारखान्यातून अशी शेकडो विमाने तयार होऊन बाहेर पडली. ते वाईट नव्हते, कडक होते. पंख लहान आणि त्रिकोणी, उतरतानाचा वेग ताशी 300 किलोमीटरहून अधिक आणि इंजिन एकच. हवा आत घेणारे तोंड थेट नाकावर असल्यामुळे समोरून येणारी वस्तू चुकली नाही तर सरळ इंजिनात जाते. एवढे सगळे ठाऊक असूनच मी त्यात बसत होतो, हे माझ्या बाजूने सांगतो. पण जाणून बसलो म्हणजे बरोबर केले, असा त्याचा अर्थ होत नाही, हेही मला मान्य आहे.

1996 मध्ये, पावसाळा सरल्यानंतरच्या एका सकाळी, उड्डाण घेऊन जेमतेम 300 मीटर उंची गाठली असेल, तेव्हा समोर एक घार क्षणभर दिसली आणि नाहीशी झाली. धक्का बसला, आसनाखालून थरथर सुरू झाली. कॉकपिटमधली हवा इंजिनाच्या, हवा दाबणाऱ्या कंप्रेसरमधूनच येत असल्याने पाठोपाठ जळक्या मांसाचा वास आला. इतक्या कमी उंचीवर इंजिन गेले तर विचार करायचा नसतो. दोन्ही पायांच्या मधले, आसनासकट बाहेर फेकणारे हँडल ओढायचे असते. ते शेकडो वेळा घोकलेले होते. मी ओढले नाही. मी समोरच्या दोन काट्यांकडे पाहत राहिलो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली येत होता, तापमानाचा वर चढत होता, आणि माझ्यातला इंजिनिअर शांतपणे कारण लावत होता, की कंप्रेसरची पाती तुटली आहेत, हवा कमी पडते आहे, इंधन मात्र तेवढेच येते आहे, म्हणून तापमान वाढते आहे. निदान बरोबर होते, चौकशीत तसेच निघाले. पण त्यात चार-पाच सेकंद गेले, आणि हातात तेवढीच होती.

स्थानिक वर्तमानपत्राने लिहिले, की वस्ती वाचवण्यासाठी वैमानिक अखेरपर्यंत विमानात थांबला. ते कात्रण माझ्या आईने जपून ठेवले होते आणि ती हयात असेपर्यंत मी ते खोडून काढले नाही. आज लिहितो : मी वस्ती पाहिलीच नव्हती, मी काटे पाहत होतो. शेवटी हँडल ओढले, छत्री उघडते न उघडते तोच भाताच्या चिखलात पडलो, आणि एका शेतकऱ्याने आपला गमछा गुंडाळून माझ्या मानेखाली सरकवला. पाठीचा एक मणका दबला होता.

आठ महिन्यांनी वैद्यकीय मंडळाने उड्डाणाला परवानगी दिली. जमिनीवरचे काम मागता आले असते. नोकरी सोडून पुण्यातल्या एखाद्या कारखान्यात जाता आले असते. सासऱ्यांनी तसे सुचवलेही होते. पण त्या वेळचा मी म्हणत होतो, की आत्ता थांबलो तर ती चार-पाच सेकंदेच माझ्या उड्डाणाचा शेवट ठरतील, आणि पुढच्या वेळी हात वेळेवर हलेल की नाही हे मला कधीच कळणार नाही. आजचा मी त्याला विचारतो, की ते कळून घेण्याची किंमत कोण मोजणार होते? त्यावर तो गप्प राहतो, पण मागे हटत नाही. माझ्या निर्णयाबद्दल मी पत्नीला विचारले नाही, सांगितले. तिने फक्त ‘सकाळी किती वाजता निघायचंय?’ एवढे विचारले, आणि ती तिची संमती आहे असे मी पुढे कितीतरी वर्षे धरून चाललो.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 चा निरोपसमारंभ झाला, तो आम्ही तिघे घरी टीव्हीवर पाहत होतो. मुलगी आता स्वतः इंजिनिअर आहे. तिने तोच प्रश्न विचारला आणि मी तोंड उघडण्याआधी पत्नी बोलू लागली. अपघाताच्या सकाळी आमच्या क्वार्टरसमोर जीप थांबली आणि स्क्वाड्रनच्या कमांडिंग ऑफिसरांच्या पत्नी उतरल्या. त्या अशा वेळी, न कळवता, का येतात हे आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक घराला माहीत होते. त्या मी जिवंत असल्याचे सांगायला आल्या होत्या. पण हिने दार उघडले नाही. मुलीला छातीशी धरून ती आतून कडीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेरून हाका येत होत्या आणि तिला वाटत होते, की दार बंद आहे तोवर काहीच घडलेले नाही. किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही.

हे मी 29 वर्षांनी प्रथमच ऐकले. मी पुढे सात वर्षे उडालो, आणि मी उड्डाणावर असलो की आमचे पुढचे दार सताड उघडे असायचे. शेजारच्या बायका तिला धुळीबद्दल बोलत. उकाड्यामुळे ती तसे करते असे मला वाटायचे.

मुलीने प्रश्न सोडला नाही. मग मी तिला खरे तेच सांगितले, की आठ महिन्यांनी धावपट्टीवर पहिल्यांदा इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर पेटला आणि पाठ आसनात दाबली गेली, तेव्हा मणका दुखत होता, भीती वाटत होती आणि मला विलक्षण आनंद झाला होता. त्या क्षणी तुम्हा दोघींपैकी कोणीही माझ्या मनात नव्हते. पत्नी शेजारीच बसली होती. टीव्हीवरची विमाने दिसेनाशी झाल्यावरही ती बराच वेळ पडद्याकडे पाहत होती.