९९३ की ९९५?

सोसायटीची सचिव झाले तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, इतिवृत्ताची वही आणि सोसायटीच्या मेलचा पासवर्ड माझ्या ताब्यात आला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मेल वाचण्या-पाठवण्याचा प्रोग्रॅम टाकायचं ठरवलं, म्हणजे सभासदांचे अर्ज आणि ठेकेदारांची बिलं एका जागी राहतील. मेलची सेवा देणाऱ्या कंपनीने सेटिंगचं पान पाठवलं. त्यात चार ओळी. एक ओळ अशी : ‘पोर्ट ९९३/९९५, ४६५/५८७. एसएसएल : हो.’ पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या, म्हणजे कंपनीच्या मेल सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, दाराचा नंबर; पहिली जोडी येणाऱ्या मेलची, दुसरी जाणाऱ्या मेलची. एसएसएल, किंवा त्याचं नवं रूप टीएलएस, म्हणजे बोलणं कूटबद्ध करणारं कुलूप.

यूजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता, हेही त्यात नव्हतं. ते दोनचारदा चुकून कळलं.

मेल येऊ लागल्या, पण जाईनात. जाणाऱ्या मेलसाठी मी ४६५ टाकला होता आणि सुरक्षेच्या रकान्यात स्टार्टटीएलएस निवडलं होतं. मेल पाठवली की नुसतं चक्र फिरायचं आणि बऱ्याच वेळाने चूक दाखवायचं. ४६५ वर सर्व्हरला पहिल्या अक्षरापासून कूटबद्ध बोलणं लागतं. स्टार्टटीएलएसमध्ये मात्र आधी सर्व्हरने साधा नमस्कार करायचा, मग कुलूप लागतं. म्हणजे दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले! ४६५ ला एसएसएल/टीएलएस, ५८७ ला स्टार्टटीएलएस. जोडी जुळवली आणि पहिली मेल गेली.

खरा घोळ पुढेच होता. तिरकी रेघ म्हणजे ‘कुठलाही चालेल’ असं समजून येणाऱ्या मेलसाठी मी ९९५ घेतला होता. पंधरा दिवसांनी खजिनदार काकांचा फोन आला. “ताई, मोबाईलवर इनबॉक्स रिकामा दिसतोय. लिफ्टच्या कंत्राटाच्या मेल्स कुठे गेल्या?” माझ्या पोटात गोळा आला.

९९३ आयमॅपचा, ९९५ पॉपचा; सर्व्हरवरची मेल बघायच्या या दोन वेगळ्या पद्धती. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहते, कुणीही कुठूनही बघावी. पॉप ती आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतं. थंडरबर्ड पॉपची मेल सर्व्हरवर ठेवतं खरं, पण आपण बदल केला नाही तर १४ दिवसच. मी पहिल्या दिवशी सगळी जुनी मेल एकदम उतरवली होती, म्हणून ती एकदमच गेली. हे दोन आकडे एका रेघेने जोडून पाठवणं मला आजही बेजबाबदारपणाचं वाटतं. ‘मोबाईलवरही बघणार असाल तर ९९३’ एवढं एक वाक्य पुरलं असतं.

सुदैवाने सगळ्या मेल्स ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शाबूत होत्या. आधी त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. पॉपचं खातं तपासणं बंद केलं, त्याच पत्त्याचं आयमॅप खातं शेजारी उघडलं आणि जुन्या मेल्स पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने निवडून नव्या इनबॉक्समध्ये ओढल्या. त्या परत सर्व्हरवर चढत होत्या. काका फोनवरच होते. “आली… ही लिफ्टची आली… ताई, मागच्या वर्षीच्या ऑडिटचीही आली.”