आयकॉन गेला, खातं तिथंच

रविवार, रात्री.

नको असलेलं ॲप अनइन्स्टॉल केलं की आवरल्यासारखं वाटतं. नाव, नंबर, पत्ता, जुन्या ऑर्डरी मात्र पलीकडच्या सर्व्हरवर जिथल्या तिथं असतात. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच डिलीटही करता आलं पाहिजे, असा नियम ॲपलने ३० जून २०२२ पासून लागू केला. पुढे गुगल प्लेनेही तसाच केला. म्हणून आधी खातं, मग ॲप. उलटं केलं तर नुसत्या त्या एका बटणासाठी ॲप परत डाउनलोड करून लॉगिन करत बसावं लागू शकतं.

सबस्क्रिप्शनचं तर वेगळंच. प्ले स्टोअरमधून घेतलेलं असेल तर ॲप काढूनही पैसे कापले जातच राहतात. ते स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊनच रद्द होतं.

खात्यांची यादी आठवून करू नये, निम्मी सुटतात. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आधी पाहावेत, मग मेलमध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' हे शब्द शोधावेत. पासवर्ड एक्स्पोर्ट केलेच, तर ती सीएसव्ही फाइल कुणालाही वाचता येते हे विसरू नये. डेस्कटॉप क्लाउडला सिंक होत असेल तर ती तिकडेही पोचते. तिसरी यादी गुगल खात्यातल्या जोडलेल्या ॲप्सची. इथं हमखास फसगत होते: ॲक्सेस काढला म्हणजे साइटवरचं खातं मिटलं असं नाही, उलट आपलीच आत जायची वाट बंद होऊ शकते. आधी साइटवर जाऊन खातं मिटवायचं, जोडणी नंतर तोडायची.

सगळ्यात जपून काढायचं ते ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा कोड दाखवणारं ॲप. दर ३० सेकंदांनी बदलणारा तो ६ आकडी कोड कुठून येत नाही. फोनमध्ये साठवलेली गुप्त की आणि घड्याळातली वेळ यांवरून तो तिथंच तयार होतो. म्हणून तर तो विमानातही चालतो, आणि म्हणूनच बॅकअप नसताना ॲप काढलं की कीसुद्धा जाते. मग पासवर्ड बरोबर असूनही खातं उघडत नाही. एकेक खातं घेऊन नव्या ॲपवर क्यूआर स्कॅन करायचा, लॉगआउट करून नव्या कोडने आत जाऊन बघायचं, ॲप हाताशी नसताना चालणारे बॅकअप कोड कागदावर उतरवायचे. हे सगळ्या खात्यांचं झालं, की मगच जुनं ॲप काढायचं. कंटाळवाणं आहे, पण इथं घाई महागात पडते.

जुन्याच्या जागी पासवर्ड साठवायला कीपासएक्ससी हे ॲप बरं. खातं लागत नाही, सगळं एका एन्क्रिप्टेड फाइलमध्ये. पण 'पासवर्ड विसरलात?' हे बटणही नाही, तेव्हा मुख्य पासवर्ड विसरून चालत नाही, आणि फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात. दोन उपकरणांतल्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगलाही खातं नको, दोन उपकरणं एकमेकांच्या आयडीवरून जोडली जातात. मात्र त्याला बॅकअप समजू नये: इथं डिलीट केलेली फाइल तिथूनही जाते.

जुना मेल बंद करायचा तो सर्वांत शेवटी. बाकी सगळ्यांच्या रिसेट लिंका तिथंच येतात. नव्या पत्त्यावर फॉरवर्डिंग लावून वर्षभर ठेवावा. काही खात्यांचा मेल वर्षातून एकदाच येतो.