पाडव्याला चाँदरात, नाशकात ईद

2025 चा गुढीपाडवा 30 मार्चला, रविवारी होता आणि नेमके त्याच दिवशी आम्ही पुण्याहून नाशिकला निघालो. रोजा होता. वाटेत एसटी जेवायला थांबली तेव्हा अख्खी गाडी मिसळीवर तुटून पडली. अम्मी आणि मी खिडकीतून समोरच्या घरावरची गुढी बघत बसलो. नाशिकच्या द्वारका चौकात उतरून रिक्षाने जुन्या नाशकात मामूंच्या घरी पोचेपर्यंत असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, अजान झाली होती.

खजूर, कलिंगड, भजी असा इफ्तार उरकला आणि पोरंटोरं गच्चीवर धावली. शेजारच्या गच्चीवरच्या काकूंची गुढी उतरवून झाली होती, त्या साडीची घडी घालत होत्या. त्यांनीच आधी ओरडून सांगितलं, "अहो मुमानी, दिसला बघा चंद्र, टाकीच्या वर!" मुमानी म्हणजे माझी मामी, पण त्यांना सगळी आळी मुमानीच म्हणते, नात्याचा काही संबंध नाही.

रमजानचा चंद्र दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. मराठी पंचांगही चंद्रावरच चालतं, पण ते मधूनमधून अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ घालतं. हिजरीत, म्हणजे इस्लामी कालगणनेत, ती सोय नाही. म्हणून 2022 आणि 2023 मध्ये ईद अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी आली, 2023 च्या अधिक श्रावणानंतर ती पाडव्याला येऊन चिकटली. मुमानींच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन्ही सण एकाखाली एक छापलेले होते.

त्या रात्री दूधबाजार, भद्रकालीत पाय ठेवायला जागा नव्हती. बांगड्या, मेंदी, टोप्या, अत्तर, शेवयांचे ढीग. मला गर्दीची फार हौस नाही, त्यामुळे मी शीरखुर्म्याची खारीक चिरायचं काम आनंदाने घेतलं. भिजलेल्या खारकेला उभी चीर द्यायची, बी काढायची, मग लांब बारीक काप करायचे. माझे काप बघून मुमानी म्हणाल्या, "हे काय, सरपण फोडतोयस का?" चारोळी कोमट पाण्यात चोळून तिची सालं काढायचं काम त्याहून किचकट, ते अम्मीकडे. मग तुपात खारीक, काजू, बदाम, मनुका परतून बाजूला काढल्या आणि त्याच तुपात बारीक शेवया लालसर केल्या. दूध पहाटे आटवायचं, शेवया अगदी शेवटी घालायच्या. नाहीतर पातेल्यात पिठलं होतं, असा मुमानींचा दंडक.

सकाळी खजूर खाऊन ईदगाहकडे निघालो. निघण्याआधी मामूंनी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा फित्रा, म्हणजे ईदचं दान, पोचला की नाही, याची पुन्हा खात्री केली. तान्ह्या नातवाचाही द्यावा लागतो आणि तो नमाजच्या आधी गरजूच्या हातात पडलेला बरा, तरच त्याच्याही घरी शेवया शिजणार. शाहजहानी ईदगाह गोल्फ क्लब मैदानाशेजारी, त्र्यंबक रस्त्याला. गर्दी बाहेरपर्यंत आलेली, आम्हाला चटई अंथरायला कडेला जागा मिळाली. ईदच्या नमाजात सहा तकबिरी, म्हणजे 'अल्लाहू अकबर'चे पुकार, जास्त असतात आणि दरवर्षी कुणीतरी भलत्याच वेळी रुकूत, म्हणजे कमरेत, वाकतो. या खेपेला माझा मामेभाऊ वाकला, शेजारच्या आजोबांनी कोपराने डिवचून त्याला उभं केलं. इमामांचा खुतबा म्हणजे प्रवचन, दुआ, आणि मग गळाभेटी. अनोळखी माणसंही सोडत नाहीत.

परतताना रिवाजाप्रमाणे दुसरा रस्ता धरला. कब्रस्तानात नानांच्या, म्हणजे अम्मीच्या वडिलांच्या, कबरीवर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, फातिहा पढलो. तिथून पीर सय्यद सादिक शाह हुसैनी यांच्या बडी दर्ग्यावर सलाम करून घरी.

दुपारपासून रात्रीपर्यंत दार म्हणून बंद झालं नाही. काकूंकडून पाडव्याच्या पुरणपोळ्या आल्या होत्या, त्याच डब्यातून शीरखुर्मा गेला. त्या माळकरी, बिर्याणीच्या वाटेला जात नाहीत, पण खुर्म्याला दुसरा डबा पाठवतात. ईदी गोळा करणाऱ्या पोरांनी मामूंच्या कोऱ्या नोटा तासाभरात संपवल्या. मी पस्तिशीचा, तरी मलाही एक मिळाली.

मंगळवारी निघताना मुमानींनी 2026 चा हिशेब ऐकवला. "पाडवा 19 मार्चला, ईद त्याच्या मागोमाग. नंतर अधिक ज्येष्ठ येतोय, मग ईद फाल्गुनात जाईल. तेव्हा पुढच्या वर्षी दोन्हीची मिळून एकच रजा टाक आणि आठवडाभर राहायला ये. खारीक मात्र मी चिरीन."