स्टिअरिंगचं तेल

इंजिन ऑइल बदलायची आठवण गॅरेजवाला स्वतः फोन करून देतो. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचं नाव मात्र कुणी काढत नाही, स्टिअरिंग कण्हायला लागेपर्यंत. आमच्या जुन्या गाडीला डेक्सरॉन लागतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल. बॉनेटखाली या तेलाची जी डबी असते, तिचं झाकण उघडलं तर आत काळपट काढा. तापून करपलेलं तेल, त्यात रबरी सीलचा आणि झिजलेल्या धातूचा बारीक चुरा.

सोपी रीत सिरिंजची. डबीतलं ओढून काढा, नवं भरा, गाडी फिरवा, पुन्हा काढा. पण बरंचसं तेल नळ्यांत आणि खालच्या यंत्रणेतच राहतं. डबीत एकूण तेलाचा तिसरा हिस्सा मावतो असं धरलं, तर तीन खेपांनंतरही जवळजवळ ३० टक्के जुनंच उरतं. मला ते पटेना. म्हणून परतीची नळी, म्हणजे फिरून आलेलं तेल डबीत आणणारी, डबीपासून सोडवून बाटलीत सोडली, डबीचं ते तोंड बुचाने बंद केलं आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवलं.

गाडी अजून उचललेली नव्हती, इंजिन बंद. तिने सवयीने एका हाताने चाक वळवायला घेतलं. "अहो, हे हलतच नाहीये!"

हलणार कसं? रोज बोटभर जोराने वळवतो तेव्हा खरा जोर इंजिनाचा असतो. पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबतो आणि ते तेल चाकं ढकलतं. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्येच असं स्टिअरिंग गाडीवर चालवून दाखवलं होतं. विकत मिळणाऱ्या मोटारीत ते यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. मधली पंचवीस वर्षं लोक दंडाच्या बळावर गाड्या वळवत राहिले. आपल्याकडे तर त्यानंतरही कितीतरी वर्षं. जुन्या ट्रक ड्रायव्हरचे खांदे उगाच तसे नसतात.

पुढची चाकं उचलून खाली पक्के स्टँड लावले (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही), तेव्हा स्टिअरिंग हलकं झालं. ती ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होती, मी वरून ओतत होतो. डबी रिकामी पडू द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते. बाटलीत आधी काळं, मग तपकिरी, मग एकदाचं लाल आलं. नळी परत जोडली, तरीही डबीत थोडे बुडबुडे दिसत होते. इंजिन बंद ठेवूनच आणखी फिरवल्यावर ते गेले.

नव्या गाड्यांत हे काम एक विजेची मोटर करते, तेलाचा संबंधच नाही. चांगलंच आहे, पेट्रोलही वाचतं. फक्त रविवारी बॉनेट उघडून तिथे करण्यासारखं काही उरत नाही. काळं तेल जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दिलं. त्याच्याकडे जुनं तेल नेणारा माणूस येतो. आमच्याच गल्लीत ते सरळ गटारात ओतणारे आहेत, आणि डासांवर औषध म्हणून ओततो असंही वर सांगतात.