जपानी क्रियापदं आणि आमचं 'करून पळय'

हल्ली फोंडा-पणजी बसमध्ये रील्स बघायचं सोडून जपानी क्रियापदं घोकत बसतो. कांजीचं (जपानी चित्रलिपीचं) काय ते पुढे बघू, पण क्रियापदांना मराठी माणसाने तरी घाबरायचं काहीच कारण नाही असं माझं आता पक्कं मत झालंय.

एक तर लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. आपल्याकडे मी जातो, ती जाते, ते जातात, तिकडे सगळ्यांना मिळून एकच 'इकिमासु' (मूळ शब्द इकु, 'मासु' हा अदबीने बोलतानाचा शेवट), तेही बोलताना शेवटचा उ जवळपास गिळून 'इकिमास'. जात नाही म्हणजे इकिमासेन, गेलो म्हणजे इकिमाशिता, गेलो नाही म्हणजे इकिमासेन देशिता. भविष्यकाळाला वेगळं रूपच नाही, आधी 'आशिता' म्हणजे उद्या लावलं की झालं काम.

डोक्याला ताप होतो तो गटांचा, म्हणजे कुठल्या क्रियापदाला मासु कसा लागतो त्याचा. ताबेरु (खाणे) मधला 'रु' काढून मासु लावला की ताबेमासु, पण नोमु (पिणे) चं होतं नोमिमासु, आणि सुरु (करणे) नि कुरु (येणे) हे दोन नियमाबाहेरचे. त्यात काएरु म्हणजे घरी परतणे, दिसायला ताबेरुचाच भाऊ पण रूप काएरिमासु! म्हणून मला वाटतं नुसतं मासुचं रूप पाठ करण्यात अर्थ नाही, ओकिमासु (उठणे) आणि काकिमासु (लिहिणे) बघून कोण सांगेल की मूळ रूपं ओकिरु आणि काकु आहेत, दोघांचे गट वेगळे? मूळ शब्द सोबतच लिहून ठेवायचा.

मग येतो 'ते' फॉर्म, ज्याला सगळे घाबरतात. नोमुचं नोन्दे, मात्सु (थांबणे, वाट बघणे) चं मात्ते, काकुचं काइते, ओयोगु (पोहणे) चं ओयोइदे, हानासु (बोलणे) चं हानाशिते, सुरुचं शिते, आणि इकु (जाणे) मात्र काकुसारखा न वागता इत्ते होतो, का ते विचारायचं नाही. पण हे रूप वापरायचं कुठे ते बघितलं आणि मी बसमध्येच हसलो, कारण हा तर आपला सरळसरळ 'ऊन' आहे हो! शिते मिरु म्हणजे करून बघणे, घरी कोंकणीत आम्ही म्हणतो तेच 'करून पळय'. मोत्ते कुरु म्हणजे घेऊन येणे. शिते ओकु म्हणजे करून ठेवणे, आई बाजारात जाताना 'नारळ खवून ठेव गो' म्हणून बहिणीला सांगते ना, अगदी तसंच, पुढे लागणार म्हणून आधीच करून ठेवलेलं. ताबेते शिमात्ता म्हणजे खाऊन टाकलं, आणि त्यात 'अरेरे' सुद्धा येतं, फ्रिजमधला दुसऱ्याचा बेबिंका (आमच्या गोव्याचा थरांचा गोड केक) संपवल्यावर जे येतं ते. इंग्रजीतून समजावणाऱ्या व्हिडिओत यासाठी दहा-दहा मिनिटं जातात, आपल्याला एका वाक्यात कळतं. वाक्यात क्रियापद शेवटी येतं तेही आपल्यासारखंच.

तेव्हा रूपं तेवढी घोकायची. आणि ती एकदा बसली की मासुशिवायचा साधा भूतकाळ फुकटात मिळतो, शेवटच्या 'ते'चा 'ता' आणि 'दे'चा 'दा': काइते-काइता, नोन्दे-नोन्दा.