३५ मिनिटं, २१ गाणी

वायर या ब्रिटिश बँडच्या 'पिंक फ्लॅग' या अल्बममधलं 'फील्ड डे फॉर द संडेज' हे गाणं २८ सेकंदांचं आहे आणि मला त्यात काहीही कमी वाटत नाही. उलट इतरांची चार-चार मिनिटांची गाणी ऐकताना हल्ली मनात येतं, बाबांनो, तुमचं सांगून कधीच झालंय, मग अजून कशाला वाजवताय?

कॉलिन न्यूमन, ब्रूस गिल्बर्ट, ग्रॅहम लुईस आणि रॉबर्ट गोटोबेड. लंडनच्या या चौघांचा हा पहिला अल्बम, १९७७ च्या अखेरीस आलेला. पंक, म्हणजे वेगवान, खरखरीत, बंडखोर रॉक, तेव्हा ऐन भरात होतं, त्यामुळे यांनाही त्याच रांगेत बसवतात. वेग आणि गिटारची खरखर तीच आहे, मान्य. पण पंकवाले त्वेषाने वाजवतात, हे चौघं काटछाट करत वाजवतात. गिटारवादकाची हौस भागवणारे लांबलचक सोलो नाहीत. गोटोबेड तर ड्रम्सवर कलाकुसर करायची नाही असं ठरवूनच बसलाय. शब्द संपले की गाणं संपलं. ध्रुवपद परत येईल म्हणून आपण सरसावून बसतो, तोवर पुढचं सुरू झालेलं असतं.

नुसतं तोकडं असणं ही काही करामत नव्हे, ते कुणालाही जमेल. खरी गंमत क्रमात आहे. सुरुवात होते 'रॉयटर्स'ने. परिस्थिती हाताबाहेर गेलेल्या कुठल्याशा ठिकाणाहून एक बातमीदार बातमी पाठवतोय, गिटार जड पावलांनी चाललीय, तीन मिनिटं दडपण वाढतच जातं. आणि त्याला लागून लगेच ते २८ सेकंदांचं गाणं! हा अल्बम शफलवर लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मनातून उतरतात ते.

डोकेबाजपणाही भरपूर आहे. '१०६ बीट्स दॅट' लिहिताना लुईसला बरोबर १०० अक्षरांत बसवायचं होतं; झाली १०६, मग तेच शीर्षकात. 'मॅनिकिन'ची चाल इतकी गोड की शब्दांत कुणाचा तरी सरळसरळ पाणउतारा चाललाय हे लक्षातच येत नाही. 'थ्री गर्ल रुम्बा'चा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, ऐकून अनेकांना इलॅस्टिका या बँडचं 'कनेक्शन' आठवेल. ते उचलेगिरीचं प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. आर.ई.एम. या अमेरिकन बँडने इथलं 'स्ट्रेंज' १९८७ मध्ये स्वतःच्या 'डॉक्युमेंट' अल्बमवर घेतलं. चांगलंच वाजवलंय, पण मूळ गाण्यातला तो लडखडता, आजारी संथपणा त्यात नाही. मला तोच हवा असतो.

मुखपृष्ठावर निळं आभाळ, एक खांब, त्यावर गुलाबी झेंडा. खांब खरा, प्लिमथमधला. झेंडा मागाहून रंगवलेला.

जाणकार म्हणतील, वायरचाच पुढचा, १९७८ चा 'चेअर्स मिसिंग' जास्त सरस. असेल. त्यात कीबोर्ड आले, सूर खोल झाले, आणि 'आउटडोअर मायनर'सारखं पानं पोखरणाऱ्या किड्यावरचं इतकं लोभस गाणं दुसरं कुणी केलेलं मला माहीत नाही. पण तिथे बँड थोडा रेंगाळायला शिकलाय, आणि मला अजून न रेंगाळणारी वायरच जास्त आवडते.